हडसनपाशी उभी असलेली बाई

हडसन गाडीपाशी उभ्या असलेल्या बाईचा फोटो मी पुसायला घेतला तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. त्याआधीचे आठ पुसून झाले होते. बोटांना टर्पेंटाईनचा वास चिकटला होता. आत्ती मधल्या दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"आत्ती, हिला लुगडं नेसवलंय बघ."

"कुणाला?"

"ह्या मडमेला."

"धोंडूच्या डोस्क्यात कायबी येतं. पूस लवकर. दिवस मावळायच्या आत यील तो मिरजेहून."

धोंडू म्हणजे माझे वडील, आबा; आत्तीचा धाकटा भाऊ. कोल्हापुरात त्यांना धोंडीराम पेंटर म्हणत, पण दुकानांच्या पाट्या किंवा नाटकाचे पडदे त्यांनी कधी रंगवले नाहीत. ते मोटारींचे फोटो रंगवायचे. अमेरिकेतल्या कंपन्या दरवर्षी नव्या गाड्यांचे जाहिरातीचे फोटो इथल्या एजन्सीला पाठवत. आठ बाय दहा इंचांचे, काळेपांढरे, चकचकीत; मागे इंग्रजी मजकुराची चिठ्ठी डकवलेली. पॅकार्ड, ब्यूक, स्टुडबेकर, हडसन. गाडीपाशी बहुधा एक बाई असायची. डोक्यावर टोपी, हातात मोजे, आणि दार आता उघडणारच अशी पुढं केलेली बोटं. आसपासच्या संस्थानांतलं गिऱ्हाईक विचारायचं, हीच गाडी मोरपिशी रंगात कशी दिसेल? मग तो फोटो आबांकडे यायचा. आधी वार्निशचा पातळ हात, त्यावर तेलरंग. गिऱ्हाइकानं मान हलवली की गाडीची मागणी अमेरिकेला जाई. नाही पटलं तर टर्पेंटाईनच्या बोळ्यानं वार्निशसकट सगळं उतरवायचं आणि तपकिरी लावायचा. एकेका फोटोनं असे दहा-बारा रंग अंगावर घेतले होते.

पुढं संस्थानं गेली, बाहेरच्या गाड्या यायच्या थांबल्या, एजन्सीला कुलूप लागलं. जाताना मालकानं उरलेले तेवीस फोटो आबांना देऊन टाकले. नंतर आबा लग्नांच्या फोटोंत नवऱ्यामुलींचे ओठ लाल करत राहिले. तीच रीत, तोच वार्निशचा हात. त्यामुळे पोळ्या लाटायच्या आधी मी फोटो पुसायला शिकले होते.

मी एकोणीस वर्षांची होते. आबांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, तेही उजेडात. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, लवकर ऑपरेशन केलं तर उरलंय ते राहील, नाहीतर दिवाळीपर्यंत तेही जाईल. ऑपरेशनच्या पैशांना तेवीस फोटो विकण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. मुंबईचे एक कर्णिकसाहेब जुन्या मोटारी पुन्हा पहिल्यासारख्या करायचे. त्यांना कुणाकडून तरी आमचा पत्ता लागला होता. त्यांचं पत्र मीच आबांना वाचून दाखवलं होतं. 'रंगकाम केलेले फोटो माझ्या उपयोगाचे नाहीत. क्रोमची पट्टी कुठे संपते, दिव्याची कड कशी वळते, हे मला मूळ फोटोतच दिसते. साफ करून ठेवू शकलात तर सगळेच घेईन.'

"मी पुसतो. तू हात लावू नको," आबा म्हणाले होते.

पंधरा दिवस झाले. रोज सकाळी आबा पत्र्याचा डबा खिडकीत नेत, ऊन कलेपर्यंत भिंग लावून बसत, आणि डबा परत फळीवर ठेवत. रंगवलेले नऊ फोटो होते, त्यांतला एकही पुसून झाला नव्हता. मला वाटलं, आता त्यांना जमत नाही आणि तसं म्हणायची लाज वाटते. साहेब रविवारी येणार होते. शनिवारी आबा शेजारच्या बंडूतात्यांचा हात धरून ऑपरेशनची तारीख घ्यायला मिरजेला गेले, आणि मी डबा खाली काढला.

तर हा नववा. बाकीच्या आठांत गाड्या रंगवलेल्या होत्या आणि बायका तशाच काळ्यापांढऱ्या होत्या. ह्यात उलटं होतं. हडसनला रंगाचा थेंब लागलेला नव्हता, आणि बाईला पिवळं लुगडं, हिरवी चोळी, कपाळाला आडवं कुंकू. टोपीच्या जागी पदर घेतलेला. चेहरासुद्धा दाट रंगानं नवा काढलेला, सावळा, थोडा रुंद. फक्त ओठाच्या डाव्या कोपऱ्याला आणि एका पापणीवर रंग नव्हता. तिथून खालची मडमेची गोरी कातडी दिसत होती.

"आत्ती, खरंच बघ की. हे कुणी सांगितलं असेल काढायला?"

आत्तीनं सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसत ती माझ्यामागं येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो जड झाला.

"तोंडावरचा रंग उडालाय की," ती म्हणाली.

"पण काढलाय चांगला."

"उडालेला फोटो कोण घेतंय? पूस."

"आबांना विचारू?"

"त्याचं डोळं वाचवायचं हायती का फोटो? पूस म्हणते न्हवं मी."

मी बोळा ओला केला. आधी गाल गेला. मग कुंकू पसरलं, कपाळभर तांबूस झालं, दुसऱ्या बोळ्यानं तेही निघालं. खालून मडम वर आली, टोपी, कुरळे केस, दातांची रांग. लुगड्याला वेळ लागला, रंग फार होता. आत्ती परत सुपाशी बसली होती, पण तांदळाचा आवाज येत नव्हता.

आबा आले तेव्हा दिवे लागायचे होते. बंडूतात्यांनी त्यांना पायरीपर्यंत आणून सोडलं. आबा खुशीत होते.

"बुधवार," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणला, पेंटर, गेल्यालं मी आणून देत न्हाई, हाय तेवढं राखून देतो. मी म्हटलं, राखा. मला तेवढं बास हाय." त्यांनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "आत्तीला दे आधी. तिखट हाय, तिच्या जिभेला मानवंल. आन् डबा घे खाली. त्यातला एक मला बाजूला काढायचाय. मग बाकीचं पुसाय बसू. मी सांगतो, तू पूस."

"झाले की पुसून."

"काय झालं?"

"फोटो. नऊच्या नऊ. तुम्ही मिरजेला गेल्यावर घेतले करायला." मला कौतुक हवं होतं, म्हणून मी पुढं म्हटलं, "बघा तरी आबा, एक डाग ठेवला नाही."

ते चप्पल काढत होते. एक काढली होती, एक पायात होती.

"हडसनचा?"

"तोपण. त्याचा तर रंग उडालाच होता, तोंडावरचा."

"आण."

मी आणून दिला. ते दारात उजेडाकडं वळले. पण उजेड त्यांच्यापुरता उरला नव्हता. त्यांनी फोटो नाकाशी नेला, वास घेतला, मग अंगठा हळूहळू वरून खाली फिरवला.

"डोक्यावर पदर हाय का टोपी?"

"टोपी."

"हसती?"

"हो."

"दात दिसत्यात?"

"दिसतात." तोपर्यंत माझा आवाज लहान झाला होता. "आबा, काय झालं?"

"आत्ती घरात हुती?"

"इथंच होती. मी तिला दाखवला."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

आबा उंबऱ्यावर बसले. एक चप्पल अजून पायात होती.

"रंग उडाला न्हवता, वैजे. तिथं मी लावलाच न्हवता."

मला कळलं नाही.

"तुझ्या आईला कोड हुतं. ओठापाशी, आन् डाव्या पापणीवर. लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्साला उठलं."

आई मी दीड वर्षाची असताना तापानं गेली. घरात तिचा फोटो का नाही, असं विचारलं की मला एकच उत्तर मिळायचं. तिला फोटो काढून घेणं आवडायचं नाही. फोटोवर जगणाऱ्या घरात ते मला कधी खोटं वाटलं नाही. हलवायाच्या पोरांना गोड नको असतं, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चालले होते.

"एजन्सीचं फोटो घरात पडून हुतं," आबा म्हणाले. "एक दिवस म्हणली, दुनियेच्या बायकांना गाड्या रंगवून दिल्या, मला एकदा गाडीपाशी उभी करा की ओ. मी म्हटलं, आत बसवतो. तर म्हणली, आत नको, तोंड दिसत न्हाई. तिनंच हडसन निवडली. चार दिवस दुपारची समोर बसायची, ह्या इथं. भाकरीचं पीठ हाताला तसंच. तोंड काढताना मी विचारलं, डाग घालवू का. रंगाखाली घालायचे, त्यात काय. तर हसाय लागली. म्हणली, डाग घालवलं तर मडमच राहील की ती. मग मी तेवढी जागा सोडली. खालच्या बाईची दिसू दिली."

आत्ती दारात येऊन उभी राहिली होती. ती आबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, बाळपणी विधवा झालेली. मला तिनंच वाढवलं. तिच्या मांडीशिवाय मला झोप येत नसे.

"मला काय म्हाईत, तो फोटो अजून हाय म्हणून," ती म्हणाली.

"बघितल्यावर कळलं न्हवं?"

"कळलं."

"मग?"

"मग काय करू? पुढच्या ऐतवारी गारगोटीचं पाव्हणं यायचंत पोरीला बघाय. इतकी वर्सं तोंड शिवून बसले ते कशापायी? आईला कोड म्हटल्यावर कोण दारात उभं राहील?" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आन् मला बोलू नको, धोंडू. पोरीच्या बारशातला फोटो चुलीत कुणी घातला? मी नुसतं म्हणले हुते. घातलास तू."

"व्हय," आबा म्हणाले. "मीच घातला."

भडंगाचा पुडा माझ्याच हातात होता. मी तो कुठं ठेवला ते आठवत नाही.

त्या रात्री आम्ही तिघंही जेवलो. आत्तीनं वाढलं, आबांनी खाल्लं, वर मीठ मागून घेतलं. मी हडसनचा फोटो डब्यातून काढून माझ्या पुस्तकांत ठेवला. आईचा असा त्यात काही उरला नव्हता, तरी ठेवला.

कर्णिकसाहेब सकाळी दहाला आले. पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ. सोप्यात सतरंजीवर मांडी घालून बसले आणि एकेक फोटो कडेला धरून बघू लागले. बोट कुठं लागू देत नव्हते.

"कुणी साफ केले?"

"पोरीनं," आबा म्हणाले.

"हात फार चांगला आहे. मुंबईत पैसे देऊन असं काम होत नाही." ते माझ्याकडं बघून हसले. मी खाली बघितलं. त्यांनी मोजले. "बावीस. पत्रात तेवीस लिहिलं होतं तुम्ही."

"एक खराब झालाय," मी म्हटलं.

"वैजे," आबा म्हणाले. "दे त्यांना."

"राहू दे ना, आबा."

"कशाला? आता ती त्यांचीच बाई हाय."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकातून फोटो आणून दिला. तो हातात घेतल्यावर ते एकदम पुढं सरकले. ह्या सालची हडसन त्यांनी स्वतः विकत घेतली होती, तिच्या पुढच्या जाळीचा आकार वर्षभर कुणाला सांगता येत नव्हता. ते किती तरी वेळ ती जाळी बघत होते. मग म्हणाले, "इथं कोपराच्या वळणात थोडं पिवळं राहिलंय. हे तेवढं निघेल का?"

मी आबांकडं बघितलं.

"साहेब," आबा म्हणाले, "तेवढं असू दे."

साहेबांनी कारण विचारलं नाही. "असू दे. गाडीवर नाही ते," असं म्हणून त्यांनी फोटो इतरांबरोबर कागदात गुंडाळला.

आबा जाऊन आता चार वर्षं झाली. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिच्या बारशाला बायका पाळण्यावर वाकून वाटण्या करत होत्या. कपाळ सासूबाईंचं, कान बापाचे, बोटं नक्की तुझ्या आबांची. "आणि तुझ्या आईचं काय गं?" एकीनं विचारलं. मी पटकन म्हटलं, पापण्या. बाळ झोपलं होतं, पापण्या मिटलेल्या होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मी ते खोटं बोलले होते. मला तसं सांगता येण्यासारखं काही माहीत नाही, आणि तसं काही माहीत नाही, हे मला तेव्हा मिरजेत कळलं.

साहेब फोटो घेऊन गेले, त्याच्या पुढच्या रविवारी गारगोटीचे पाहुणे आले नाहीत, मीच येऊ दिले नाहीत. बुधवारी आबांचं ऑपरेशन झालं. आत्ती दवाखान्यात आली होती, पण आबांच्या खाटेपाशी आली नाही. व्हरांड्यात बसायची, घरून आणलेली पेज माझ्या हाती आत पाठवायची. आबा विचारत, "मीठ कुणी घातलंय?" मी सांगे, आत्तीनं. ते सगळी पेज पीत.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोटं दाखवली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"एक. आन् नख वाढलंय तुमचं."

डॉक्टर हसले. दृष्टी होती तेवढी राहिली आहे म्हणाले, मला औषधाच्या वेळा सांगून पुढच्या खाटेकडं गेले. मी सामान आवरायला उठले.

"वैजे, बस. खिडकीकडं तोंड कर."

मी बसले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडात वळवला, थोडा वर, थोडा डावीकडं. त्यांना एका वेळी रुपयाएवढंच दिसायचं. त्यामुळे ते माझं कपाळ बघत, मग भुवई, मग नाकाचा शेंडा, एकेक करून. एकोणीस वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं.

"मी तिच्यासारखी दिसते का, आबा?"

ते ओठांपर्यंत आले. तिथं थांबले, मग हनुवटी, मग परत वर.

"न्हाई," ते म्हणाले. "नाक तर आत्तीचंच हाय तुझं. बसल्यालं. कपाळबी तिचंच."

शेजारच्या खाटेवरचे आजोबा खुदकन हसले. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"हलू नको," आबा म्हणाले, आणि पुन्हा कपाळापासून सुरुवात केली.

व्हरांड्याच्या दारात आत्ती पेजेचा डबा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं असावं. ती आत आली नाही, मागंही फिरली नाही. नर्सबाई औषध घालायला आल्या, तर आबांनी त्यांच्याकडं न बघता हात वर केला.

"थांबा जरा, बाई."

"काय शोधताय, पेंटर?"

आबांची बोटं माझ्या हनुवटीखाली होती. डाव्या पापणीवरून ते ओठाच्या कोपऱ्याकडं आले, परत पापणीकडं गेले.

"सापडलं का, आबा?"

"बघतोय," ते म्हणाले. "बघतोय."